शैक्षणिक स्वातंत्र्य आणि प्राध्यापकांचे स्वशासन: अभ्यासक्रमाचा निर्णय कोणाच्या कक्षेत येतो?

ठरलेला घटक शिकवायला नकार देणारा प्राध्यापक शैक्षणिक स्वातंत्र्याचा दाखला देतो. विद्यापरिषदेने मंजूर केलेला अभ्यासक्रम कुलगुरूंनी परस्पर बदलला की तक्रार करणारा विभागही तोच दाखला देतो. या दोन तक्रारी वरवर एकसारख्या दिसल्या तरी त्यांच्यामागची तत्त्वे वेगळी आहेत. पहिली तक्रार एका व्यक्तीच्या हक्काची आहे, आणि तीही बहुतेक वेळा टिकणारी नाही. दुसरी अध्यापकवर्गाच्या सामूहिक अधिकाराची आहे, आणि त्या अधिकाराला प्राध्यापकांचे स्वशासन म्हणणेच योग्य ठरते. विद्यापीठाने काय शिकवावे हा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या तत्त्वाच्या कक्षेत येतो.

शैक्षणिक स्वातंत्र्य एकेका अध्यापकाला मिळते. आपल्या विषयात संशोधन करणे, निष्कर्ष प्रसिद्ध करणे आणि वर्गात विषयाची चर्चा मोकळेपणाने करणे, यासाठी नोकरी जाण्याची किंवा बढती अडण्याची भीती नसावी, एवढा त्याचा गाभा आहे. हे संरक्षण सरकार, देणगीदार आणि प्रशासन यांच्यापासून जसे आहे, तसेच सहकाऱ्यांच्या बहुमतापासूनही आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. संपूर्ण विभागाला एखादा सिद्धांत चुकीचा वाटत असला, तरी तो मांडणाऱ्या एकट्या प्राध्यापकाला लेख मागे घ्यायला लावण्याचा अधिकार विभागाला मिळत नाही. येथे मतदानाला जागाच नाही.

स्वशासनाचे सारे कामकाज मात्र मतदानानेच चालते. अभ्यास मंडळ प्रस्ताव तयार करते, विद्याशाखा त्याची छाननी करते, विद्यापरिषद मंजुरी देते. मंडळांची नावे आणि पायऱ्या विद्यापीठागणिक बदलतात, पण निर्णय चर्चेने होतो आणि झालेला निर्णय सर्वांना बांधतो, हे सूत्र सगळीकडे सारखे आहे. पदवीला किती श्रेयांक (क्रेडिट) हवेत, कोणता विषय सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, मूल्यमापनाची पद्धत कोणती, नवा पदवी कार्यक्रम सुरू करावा की नाही, हे सारे एकट्या प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडले तर पदवीला अर्थच उरणार नाही.

दोन्ही तत्त्वांच्या लिखित मांडणीचा इतिहास पाहिला तरी हे अंतर दिसते. अमेरिकेत १९१५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेचे १९४० चे निवेदन शैक्षणिक स्वातंत्र्याविषयी आहे. वर्गात विषयाची चर्चा करण्याचे स्वातंत्र्य देतानाच, विषयाशी संबंध नसलेल्या वादग्रस्त गोष्टी आणू नयेत, अशी मर्यादाही ते घालते. स्वशासनाची मांडणी १९६६ च्या वेगळ्या निवेदनात आली, आणि ते या संघटनेने उच्च शिक्षण संस्थांच्या व विश्वस्त मंडळांच्या संघटनांबरोबर मिळून तयार केले होते. अभ्यासक्रम, पाठ्यविषय, अध्यापनाच्या पद्धती आणि संशोधन यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे, असे त्यात म्हटले आहे. नियामक मंडळाने किंवा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी या बाबतीत अध्यापकांविरुद्ध निर्णय द्यायचा तो अपवादात्मक परिस्थितीतच, आणि त्याची कारणे अध्यापकांना कळवून. त्या निवेदनाने ‘जबाबदारी’ हा शब्द वापरला, ‘हक्क’ नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बैठकीला न जाणारा, मसुदा न वाचणारा प्राध्यापक आपले स्वातंत्र्य गमावत नाही, पण स्वशासनाचा पाया मात्र नक्कीच पोखरतो. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तीतही व्यक्तिगत हक्क आणि स्वशासन यांचे विभाग वेगळे आहेत.

मग गोंधळ होतो कुठे? त्याचे एक मूळ न्यायालयाच्या निकालात सापडते. १९५७ च्या स्वीझी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात दक्षिण आफ्रिकेतील एका निवेदनाचा आधार घेऊन विद्यापीठाची चार स्वातंत्र्ये सांगितली: कोणी शिकवावे, काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कोणाला प्रवेश द्यावा. हे स्वातंत्र्य विद्यापीठाचे आहे. म्हणजे बाहेरच्या सत्तेपुढे संस्थेची स्वायत्तता. संस्थेच्या आत तो निर्णय प्राध्यापकांनी घ्यायचा की व्यवस्थापनाने, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. स्वायत्त विद्यापीठातही प्राध्यापकांना अभ्यासक्रमाविषयी अवाक्षर काढता येऊ नये, अशी रचना असू शकते. संस्थेची स्वायत्तता हा तिसराच घटक आहे आणि तो उरलेल्या दोहोंपैकी कशाचीही हमी देत नाही.

त्याच न्यायालयाने पुढे स्वशासनाला घटनात्मक हक्काचा दर्जा देण्याचे नाकारले. मिनेसोटातील सामुदायिक महाविद्यालयांच्या १९८४ च्या नाइट खटल्यात असा निर्णय झाला की, अभिव्यक्तिस्वातंत्र्याला शैक्षणिक क्षेत्रात विशेष अर्थ आहे असे मानले, तरी त्यामुळे सरकारी संस्थेच्या धोरणनिर्मितीत भाग घेण्याचा हक्क अध्यापकांना मिळत नाही. त्याआधी १९८० मध्ये न्यू यॉर्कमधील येशिवा या खासगी विद्यापीठाच्या प्रकरणात याची उलटी बाजू दिसली होती. तेथील प्राध्यापक अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, गुणदानाची धोरणे ठरवतात, म्हणून ते व्यवस्थापकीय कर्मचारी ठरतात आणि कामगार कायद्याखाली संघटना म्हणून वाटाघाटी करण्याचे संरक्षण त्यांना नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. स्वशासन इतके खरे होते की त्याची किंमत मोजावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

वर्गाच्या पातळीवर सीमारेषा कशी पडते, ते प्रत्यक्ष पाहिलेले बरे. पहिल्या वर्षाच्या सांख्यिकीच्या अभ्यासक्रमात संभाव्यतेचा घटक असावा, हे अभ्यास मंडळ ठरवते, कारण दुसऱ्या वर्षाचे दोन-तीन विषय त्यावर उभे असतात. तो घटक कोणत्या उदाहरणांनी समजावून सांगायचा, प्रचलित पाठ्यपुस्तकाच्या मांडणीवर वर्गात टीका करायची की नाही, हे शिकवणाऱ्याने ठरवायचे असते. घटक आवडत नाही म्हणून तो गाळणाऱ्या प्राध्यापकाला शैक्षणिक स्वातंत्र्याचा आधार घेता येत नाही. पण मतदानात हरलेल्या त्याच प्राध्यापकाला त्या अभ्यासक्रमावर कडक टीकालेख लिहिता येतो, पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडता येते, आणि या कारणावरून त्याच्यावर कारवाई झाली तर त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होतो. खरी अडचण सामाईक पाठ्यपुस्तकाच्या सक्तीची आहे. एकाच विषयाच्या अनेक तुकड्या आणि एकच परीक्षा असेल तर ती सक्ती समर्थनीय ठरते. वरच्या वर्गातील ऐच्छिक विषयात, जिथे शिकवणारा एकच आणि प्रश्नपत्रिकाही त्याचीच, तिथे अशी सक्ती मला अनाठायी वाटते.

दिल्ली विद्यापीठातील एक प्रकरण या दोन्ही तत्त्वांच्या सांध्यावरचे आहे. इतिहासाच्या अभ्यासक्रमातील कवी व लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांच्या रामकथांच्या विविध परंपरांवरील निबंधाला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिघांनी निबंधात आक्षेपार्ह काही नसल्याचा अभिप्राय दिला, एकाने तो ठेवण्याच्या विरोधात मत दिले. तरीही २०११ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापरिषदेने निबंध वगळला. येथे एखाद्या प्राध्यापकाच्या लेखनावर बंदी आली नव्हती, कोणाची नोकरी गेली नव्हती, आणि निर्णय विद्यापरिषदेनेच घेतला होता. औपचारिक अर्थाने पाहिले तर स्वशासनाचा मार्ग पाळला गेला. तरीही बहुसंख्य तज्ज्ञांचा विषयनिष्ठ अभिप्राय बाजूला पडला, आणि माझ्या मते हा स्वशासनाचाच पराभव होता. कारण अभ्यासक्रमाचा अधिकार प्राध्यापकांकडे सोपवण्याचे कारणच त्यांचे विषयज्ञान आहे, केवळ त्यांची मते मोजणे नव्हे. त्याच विद्यापीठात २०१३ मध्ये सुरू झालेला चार वर्षांचा पदवी कार्यक्रम २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानंतर मागे घेण्यात आला, तेव्हा प्रश्न तिसऱ्या घटकाचा, म्हणजे संस्थेच्या स्वायत्ततेचा, होता.

ही दोन तत्त्वे वेगळी असली तरी एका ठिकाणी परस्परांवर अवलंबून असतात, आणि ते ठिकाण म्हणजे बैठकीची खोली. सदस्याला कुलगुरूंच्या प्रस्तावाविरुद्ध निर्धास्तपणे बोलता येत नसेल, तर विद्यापरिषद ही केवळ संमतीची मोहोर उमटवणारी संस्था होते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या गार्सेटी निकालाने ही चिंता वाढवली. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या अधिकृत कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला घटनात्मक संरक्षण नाही, असे त्यात ठरले. अध्यापन व विद्वत्तापूर्ण लेखनाला हा नियम लागू होतो का, हे न्यायालयाने मुद्दाम अनिर्णित ठेवले. समितीवर काम करणे हा प्राध्यापकाच्या कर्तव्याचाच भाग मानला, तर जो समितीत प्रामाणिकपणे बोलतो तोच सर्वात असुरक्षित, असा विचित्र परिणाम संभवतो.

दाद मागण्याच्या वाटाही यामुळे निराळ्या होतात. आर्थिक कारण देऊन एखादा विभाग बंद करण्याचा घाट घातला जातो, तेव्हा दोन्ही प्रकारच्या तक्रारी एकाच वेळी उभ्या राहतात आणि त्या एकाच अर्जात कोंबल्या की दोन्ही दुबळ्या होतात. कार्यक्रम बंद करावा की नाही यावर विद्यापरिषदेचे मत घेतले गेले का, आर्थिक आकडे तिच्यापुढे ठेवले गेले का, ही तक्रार परिषदेने ठराव करून मांडायची असते. विभाग बंद करण्याच्या निमित्ताने एखाद्या नकोशा प्राध्यापकाला काढले जात आहे का, ही तक्रार त्या व्यक्तीची असते. तिच्यासाठी नेमणुकीचे पत्र, पूर्वीच्या कामगिरीचे अहवाल आणि वादग्रस्त ठरलेल्या लेखनाच्या तारखा लागतात, आणि परिषदेचे बहुमत तिच्या बाजूने नसले तरी ती ऐकून घ्यावीच लागते.