हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही

“हात लावलास? आता आई त्याला घ्यायची नाही!” पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्याचा माळा आवरताना उंदराची गुलाबी पिल्लं निघाली, की हे ठरलेलं वाक्य. मग ती सरळ कचऱ्यात जातात. फार वाईट वाटतं, कारण हा समज चुकीचा आहे. प्रयोगशाळांत उंदरांची पिल्लं रोज हाताळली जातात आणि आया त्यांना तोंडात धरून घरट्यात परत नेतात. घरटं सतत ढवळलं, तर मात्र ती बिथरते.

आधी पोट बघा. कातडीतून पांढरा डाग दिसला, तर ते आईचं दूध. ती जवळपासच आहे. पिल्लं चिंध्यांसकट तिथेच ठेवा, लांब व्हा.

आई मेलीच असेल, तर आधी ऊब. गार पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. गाईचं दूध नको, जुलाब होतात. मांजराच्या पिलांची दूध पावडर पातळ कालवून, कोमट करून, बारीक ब्रशच्या टोकाने चाटवायची, पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. नंतर ओल्या कापसाने खालून हळूच पुसायचं, त्याशिवाय त्याला शू होत नाही. डोळे उघडतात साधारण 14 व्या दिवशी.