कोपऱ्यातील कपाट

दोन भिंती मिळतात त्या जागी बसवण्यासाठी त्रिकोणी, पंचकोनी किंवा पाव वर्तुळाकार तळाचे केलेले साठवणीचे सामान. ते जमिनीवर उभे असते, भिंतीला टांगलेले असते किंवा नुसत्या फळ्यांचे असते. प्रस्तुत नोंद मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांतील घरांपुरती आहे.

उगम : वाड्यातील कोनाडा व फडताळ यांतूनच हे कपाट निघाले, असे पुष्कळदा सांगितले जाते. कोनाड्याची जागा पाहता हे मत स्वीकारणे अवघड आहे. कोनाडा, देवळी, फडताळ हे सर्व भिंतीच्या जाडीत कोरलेले असतात. त्यांना दोन-अडीच फूट जाडीची भिंत लागते आणि ते बहुधा भिंतीच्या मध्यभागाकडे, दोन खांबांच्या दरम्यान येतात. भार पेलणाऱ्या दोन भिंतींचा सांधा जुने गवंडी शक्यतो पोखरत नसत. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातही (आयएस ४३२६) दारे-खिडक्या आतील कोपऱ्यापासून काही अंतर सोडून ठेवाव्यात असे म्हटले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव असलेल्या पाटण तालुक्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. जाड भिंतींच्या घडणीचे परिचित उदाहरण म्हणजे वाईजवळील मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा (अठराव्या शतकाचा उत्तरार्ध).

दुसरे मत युरोपीय सामानाकडे बोट दाखवते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात संगमरवरी माथ्याची कोपऱ्यातील कपाटे जोडीने करीत. इंग्लंडमध्ये चिनी मातीची भांडी मांडण्यासाठी काचेच्या दाराची कपाटे याच शतकात रूढ झाली. महाबळेश्वर येथे १८२८ च्या सुमारास इंग्रजांची वस्ती वाढू लागली आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. बंगल्यांतील सामान पाहून स्थानिक सुतारांनी असे नमुने उचलले असणे अधिक संभवनीय वाटते. मध्यमवर्गीय घरांत मात्र ते बरेच नंतर, भिंती नऊ इंचांवर आल्या आणि फडताळाला जागाच उरली नाही तेव्हा शिरले असावे.

आकार व मापे : दोन्ही भिंतींवर २ फूट घेणाऱ्या त्रिकोणी कपाटाची दर्शनी रुंदी सुमारे ३४ इंच भरते, फळीचे क्षेत्र मात्र केवळ २ चौरस फूट. तेवढ्याच रुंदीचे १८ इंच खोल सरळ कपाट सव्वाचार चौरस फूट देते. दिसते त्या मानाने त्यात मावत नाही, ही तक्रार यामुळे रास्त ठरते. दोन्ही बाजूंना १२ इंचांच्या उभ्या फळ्या देऊन समोरचा कोन छाटला की पंचकोनी कपाट होते. त्याचे क्षेत्र साडेतीन चौरस फूट असते, पण दार जेमतेम १७ इंचांचे राहते आणि रुंद डबे तिरके करून घालावे लागतात. साठवण हाच हेतू असेल तर पंचकोनी आकार सरस. त्रिकोणी आकार फुलदाणी आणि दूरध्वनीच्या काळातला आहे.

कोपरा क्वचितच काटकोनात असतो. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरके अंतर मोजतात. ते ५ फुटांहून अधिक भरले तर कोपरा फाकलेला, कमी भरले तर दबलेला. हे माप तळाशी, मध्ये व वर असे तीनदा घ्यावे, कारण गिलावा सर्वत्र सारखा नसतो. आरसीसी घरांत कॉलम कोपऱ्यातच पुढे आलेला असतो. तेथे पुठ्ठ्याचा नमुना कापून मग प्लायवूडला हात लावणे हाच मिस्त्रींचा शिरस्ता आहे.

साहित्य : सागवान महाग झाल्यापासून १८-१९ मिमी. प्लायवूड व वर सनमायका हीच रीत आहे. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात दोन बाह्य भिंतींचा कोपरा घरातील सर्वांत ओलसर जागा असतो; कपाट भिंतीपासून अर्धा इंच सुटे ठेवतात व पाठीची बाजूही रंगवतात. कोरड्या हवेच्या माण-खटावकडे याची गरज भासत नाही.

सांगलीत प्रश्न पुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पार्टिकल बोर्ड पाण्यात फुगून भुगा होतो. आयएस ७१० दर्जाचे (पाण्यात टिकणारे, ‘मरीन’) प्लायवूड तुलनेने टिकते, तरी बिजागऱ्या गंजतात. पूररेषेतील घरांत म्हणून कोपऱ्यात दोन्ही भिंतींत रोवलेल्या कडाप्प्याच्या फळ्या सर्वांत भरवशाच्या. त्या धुऊन पुन्हा वापरता येतात.

स्वयंपाकघरात एल आकाराच्या ओट्याखाली दोन बाजू मिळतात तेथे सुमारे २ फूट चौरस जागा हाताआड जाते. तिच्यासाठी फिरत्या थाळ्यांची बैठक मिळते. गृहवास्तूच्या प्रचलित समजुतीनुसार जड कपाट नैर्ऋत्येला ठेवतात व ईशान्य मोकळी सोडतात.