संगीत ऐकवल्याने मुले हुशार होतात काय?

मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचे संगीत किंवा एखादा राग रोज ऐकवला की लहान मुलाची बुद्धी वाढते, असा संदेश विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील पालकांच्या मोबाइलवरही फिरत असतो. त्याचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणात आहे. त्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना १० मिनिटे ऐकवली, तेव्हा घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रश्नांत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. मात्र तो परिणाम १० ते १५ मिनिटांत ओसरला. लहान मूल त्यात एकही नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांसाठी सीडी वाटायला सरकारी पैसा मागितला, हे नवलच! पुढे आवडीची कथा ऐकूनही तसाच फरक पडतो असे दिसले, म्हणजे श्रेय बहुधा मोझार्टचे नव्हे, ऐकून आलेल्या तरतरीचे.

ऐकवणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने जिथे घरोघर ठाऊक आहेत, तिथे जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या वर्गाला सीडीची गरज नाही. केरवा या तालाच्या आठ मात्रा (ठोके) मोजताना पहिल्या मात्रेला टाळी वाजवायची आणि पाचव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात, दाखवायची. सुरुवातीला मुले हमखास घाई करतात, खालीलाही टाळी वाजवून मोकळी होतात, मग शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून सावरतात. लय अशीच अंगात मुरते. तिच्यामुळे गणिताचे गुण वाढतील, असे आश्वासन मात्र पालकसभेत कोणी देऊ नये.