लिव्हिंग विल: कोण करू शकतं, कागद कोणते, जमा कुठे करायचे

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. लिव्हिंग विल म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. तो लागतो माणूस जाण्याआधी, आयसीयूत बेशुद्ध असताना आणि 'व्हेंटिलेटर लावायचा का' या प्रश्नावर बाहेर घरचे अडलेले असताना.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं.

सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम अशी कोणतीही व्यक्ती ते करू शकते. आजारी असायची गरज नाही. मात्र ते स्वखुशीने केलेलं हवं. कोणते उपचार कधी नकोत किंवा थांबवावेत, हे स्पष्ट लिहा. 'फार हाल करू नका' एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. तुमच्या वतीने बोलणाऱ्या पालकाचं (गार्डियनचं) किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव घाला; एकाहून अधिक नावं चालतात. सही दोन साक्षीदारांसमोर करायची, ते शक्यतो घराबाहेरचे असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. ओळखीसाठी आधार जवळ ठेवा. एक प्रत नाव दिलेल्या नातेवाइकाला, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

'हे पाप नाही का?' असं घरातली मोठी माणसं विचारतातच. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. इथे फक्त बरं होण्याची आशा संपल्यावर मरण लांबवणारे उपचार थांबतात; वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते. शेवटचे दिवस घरी जावेत, तोंडात गंगाजल-तुळशीपत्र पडावं, हेही खुशाल लिहा. आयसीयूच्या काचेआड ते बहुतेकदा राहूनच जातं.

कागद दाखवला की लगेच नळ्या काढतात, असं होत नाही. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्यापूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळाने नकार दिला तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येतं.

मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. तसं केलंत तर जिथे जिथे प्रत दिली होती, तिथे तिथे कळवा.