कुत्र्याला बक्षीस देताय का लाच?

बेळगावात टिळकवाडीत सकाळी फिरायला गेलं की हे हमखास दिसतं, कुत्रं गेटबाहेर सुटलेलं आणि मालक मागनं बिस्किटाचा पुडा वाजवत, "ये की रे राजा, हे बघ काय आणलंय". कुत्रं लांबनं पुड्याकडं बघतं, मन झालं तर येतं, नाहीतर चाललं पुढं. विचारलं तर सांगतात, आम्ही मारत नाही, पॉझिटिव्ह ट्रेनिंग करतो. मारत नाही हे लाख चांगलं, पण ही लाच झाली.

खाऊ दोन्हीत तोच असतो, फरक आधी-नंतरचा. लाचेत खाऊ आधी दिसतो, मग कुत्रं ठरवतं ऐकायचं का नाही. बक्षिसात आधी हाक, मग कुत्रं येतं, आणि आल्यावर खिशातनं असं काहीतरी निघतं जे त्याला आधी दिसलंच नव्हतं. पहिल्यात ते शिकतं "पुडा वाजला की जायचं", दुसऱ्यात "हाक आली की जायचं". पुडा घरी विसरलात की पहिलं कुत्रं हाकेला बहिरं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून हेच दाखवलं, वागण्याच्या मागनं जे मिळतं त्यानं ते वागणं पक्कं होतं.

आता गोंधळ कुठं होतो बघा, 'बस' शिकवताना सुरुवातीला खाऊ नाकासमोर धरून डोक्यावरनं मागं न्यायचाच असतो, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. हे चालतं, पण चार-पाच वेळाच. मी आमच्या मोत्याबरोबर महिनाभर तेच करत बसलो, आणि मग तो आधी माझी मूठ हुंगायचा, वास आला तरच बसायचा. शेवटी उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे स्टीलच्या डबीत घालून डबी खिडकीत ठेवली आणि रिकामा हात तसाच वर नेला. तो हाताकडं बघत उभा, मग माझ्याकडं, परत हाताकडं, आणि बऱ्याच वेळानं हळूच बूड टेकलं. टेकल्या क्षणी "शाब्बास" म्हटलं आणि मग डबीकडं गेलो. चार दिवसांनी तो हात बघायचा सोडून माझं तोंड बघायला लागला, त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

ते "शाब्बास" महत्त्वाचं आहे हं, कारण डबीपर्यंत जाईस्तोवर कुत्रं उठतं, आणि मग बक्षीस उठण्याला मिळाल्यासारखं होतं. शब्द लगेच पडला की कशाबद्दल मिळालं ते त्याला कळतं. आपल्याकडं अजून एक भानगड, घरात "ये", शेजारचे अण्णा "बा इल्ली", पोरं "कम". कुत्र्याला भाषेचं काही नाही, कन्नड शिकवा नाहीतर मराठी, पण एका कामाला सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा.

नकळत दिलेली लाच तर घरोघरी आहे. बेल वाजली, कुत्रं भुंकलं, आज्जीनं गप्प बसावं म्हणून भाकरीचा तुकडा टाकला. आज्जीला वाटतं गप्प केलं, कुत्रं शिकतं भुंकलं की भाकरी मिळते. तोच तुकडा भुंकणं थांबून दोन-तीन सेकंद झाल्यावर द्या, हळूहळू तो वेळ वाढवा. (कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, नको, आणि चॉकलेट, मनुके, कांदा तर अजिबात नको, कुत्र्याला विषारी आहे.)

मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांना हे जास्तच लागतं. नजरेवर शिकार धरणारं कुत्रं, ससा दिसून एकदा पळालं की पुडा कितीही वाजवा, उपयोग नाही, कारण पळण्यातच त्याला सगळं मिळत असतं. म्हणून हाकेला येणं आधी घरात, मग अंगणात, मग लांब दोरी लावून शेतात पक्कं करायचं.

आणि बक्षीस म्हणजे दरवेळी खाऊच असं नाही. मोकळ्यावर सोडल्यावर मोत्याला मधेच हाक मारतो, तो पळत येतो, मी मान खाजवतो आणि "जा" म्हणून परत सोडतो. दरवेळी हाक मारून पट्टाच अडकवला असता तर तो दुसऱ्या आठवड्यातच यायचा बंद झाला असता.