आकाश पांढरं, किल्ला काळा

संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाचा फोटो घ्या. तट नीट दिसेल इतका उजेड घेतला, तर आकाश पांढरंफटक. आकाशाचे रंग राखले, तर किल्ला आणि होड्या काळ्याठिक्कर. आपला किनाराच पश्चिमेला तोंड करून बसलेला, सूर्य समोरून डोळ्यात येणारच.

दोष मोबाइलचा नाही. हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं. १८५०च्या दशकातल्या कलोडियनच्या काचा (चिकट रासायनिक द्रावण लावून निगेटिव्हसाठी वापरायच्या काचा) निळ्या प्रकाशाला फार हळव्या असत, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाशातले ढग पुसले जात. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास काही सागरचित्रांत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी घेऊन क्षितिजावर सांधा जुळवला. ‘हा एडिट केलेला फोटो आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हेच ऐकवतो.

पुढे डार्करूममध्ये हाताची सावली धरून प्रिंटचा एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त उजेड पाडून तो गडद करायचा, हे रोजचं काम झालं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४०च्या आसपास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आखल्या. ओल्या जांभ्याच्या चिऱ्यातली भोकं दिसायला हवीत, तर ती साधारण तीन नंबरच्या पायरीवर ठेवायची आणि हे शटर दाबण्याआधीच ठरवायचं.

१९९०मध्ये फोटोशॉप आलं. त्यातला ‘कर्व्ह’ म्हणजे एक तिरकी रेघ: खालचं टोक जरा दाबलं, वरचं उचललं की काँट्रास्ट वाढतो. मे महिन्यातल्या आपल्या दमट धुरकटपणावर मात्र वेगळं औषध लागतं. २००९मध्ये काइमिंग हे (He) नावाच्या संगणक-संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट हेरली. स्वच्छ हवेतल्या फोटोत आकाश सोडून एखादा लहानसा तुकडा घ्या, लाल, हिरव्या किंवा निळ्यापैकी एखादा रंग तिथे कुठेतरी बहुतेक वेळा जवळजवळ शून्यावर असतो. धुरकट हवेत तो वर चढतो, आणि किती चढला यावरून धुरक्याची जाडी कळते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये धुरकं काढणारा ‘डीहेज’ स्लायडर २०१५पासून आहे. तो फार ओढला तर समुद्राची शाई होते.

आकाश पार पांढरं होऊन उडालेलं असेल, तर कुठलाच स्लायडर ते परत आणत नाही. फोटोशॉपमध्ये २०२०पासून आकाशच बदलता येतं. ल ग्रेनेही एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवर चढवलं होतं. आता हर्णैचे ढग मालवणात दिसतात.