अवैध पुनर्प्रवेशाच्या शिक्षेविरुद्ध अपील (अमेरिका)

अमेरिकेतून हद्दपार झालेली परदेशी व्यक्ती सरकारच्या परवानगीविना परत आली, येऊ पाहिली किंवा देशात नुसती आढळली, तरी अमेरिकी संहितेच्या शीर्षक ८ मधील कलम १३२६ खाली तो संघीय फौजदारी गुन्हा ठरतो. एरवी शिक्षा २ वर्षांपर्यंत असते. हद्दपारीआधी ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्याची नोंद असेल तर ती १० वर्षांपर्यंत जाते, आणि तो गुन्हा ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ (इमिग्रेशन कायद्यातल्या खास यादीतला गुन्हा) असेल तर २० वर्षांपर्यंत. या शिक्षेवरचे अपील इमिग्रेशनच्या अपील मंडळाकडे जात नाही. ते त्या भागाच्या संघीय सर्किट न्यायालयाकडे, म्हणजे अपील न्यायालयाकडे, जाते.

मुदत फार तोकडी आहे. निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत अपिलाची नोटीस जिल्हा न्यायालयात दाखल व्हावी लागते. सबळ कारण दाखवल्यास ते न्यायालय आणखी ३० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्यावर विसंबू नये. नोटीस जेमतेम पानभर असते: अपील कोणाचे, कोणत्या निकालावर आणि कोणत्या न्यायालयात, एवढेच तिच्यात लिहायचे, युक्तिवाद नंतरच्या ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी निवेदनात, येतो. आरोपीने वकिलाला ‘अपील करा’ असे स्पष्ट आणि शक्यतो लेखी सांगावे. कबुलीच्या करारात अपिलाचा हक्क सोडलेला असला, तरी आरोपीने सांगूनही वकिलाने नोटीस दिली नाही तर ती सदोष वकिली ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘गार्झा विरुद्ध आयडाहो’ या खटल्यात ठरवले.

खरी लढाई बहुधा जुन्या हद्दपारीच्या आदेशावर होते, कारण तो आदेशच गुन्ह्याचा पाया असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या ‘मेंडोझा-लोपेझ’ निकालाने त्याला आव्हान देण्याची वाट उघडली. १९९६ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कलम १३२६ मध्ये पोटकलम (ड) घालून ती अरुंद केली. आता आरोपीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: उपलब्ध प्रशासकीय उपाय वापरून झाले होते, न्यायालयीन फेरतपासणीची संधी अयोग्य रीतीने हिरावली गेली, आणि आदेश मुळातच अन्याय्य होता. २०२१ च्या ‘पालोमार-सांतियागो’ निकालाने तिन्ही अटी सक्तीच्या ठरवल्या. त्या प्रकरणात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या शिक्षेवरून १९९८ मध्ये हद्दपारी झाली होती. असा गुन्हा अशा हद्दपारीसाठी पुरेसा नाही, हे २००४ च्या निकालाने स्पष्ट झाले. तरी हद्दपारीचा आदेश चुकीचा होता एवढ्यावरून पहिल्या दोन अटी माफ होत नाहीत, असे न्यायालय एकमताने म्हणाले. निकाल कठोर आहे. हद्दपारीच्या सुनावणीत वकील नसलेल्या माणसाला अपील करायला हवे होते हे कळणार कसे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

हा मुद्दा खटल्याआधीच, आरोपपत्र रद्द करण्याच्या अर्जातून मांडावा लागतो. बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करतात आणि बिनशर्त कबुली दिली की हा मुद्दा साधारणपणे हातचा जातो. म्हणून संघीय फौजदारी प्रक्रियेच्या नियम ११ प्रमाणे सशर्त कबुली, म्हणजे ठरावीक मुद्द्यावर अपिलाचा हक्क राखून दिलेली कबुली, द्यावी. तिला न्यायालयाची व सरकारी वकिलाची संमती लागते आणि कोणता मुद्दा अपिलासाठी राखला, हे लेखी नमूद करावे लागते.

शिक्षेच्या मोजणीत चुका जास्त सापडतात. २०१८ च्या ‘रोझालेस-मिरेलेस’ प्रकरणात एक जुनी शिक्षा दोनदा मोजल्याने ७०–८७ महिन्यांऐवजी ७७–९६ महिने ही शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांतली कक्षा धरली गेली. खालच्या न्यायालयात कोणी हरकत घेतली नव्हती. दिलेली ७८ महिन्यांची शिक्षा दोन्ही कक्षांत बसत होती, तरीही सर्वोच्च न्यायालयाने अशी ढळढळीत चूक सामान्यतः दुरुस्त व्हावी असे म्हटले. उलट, शिक्षा वाढवणारा जुना गुन्हा ज्युरीपुढे सिद्ध व्हावा हा युक्तिवाद १९९८ च्या ‘अल्मेंदारेझ-तोरेस’ निकालामुळे सर्किट न्यायालयात टिकत नाही. वकील तो मांडतात ते सर्वोच्च न्यायालयासाठी मुद्दा जिवंत ठेवायला.

अपील जिंकले तरी देशात राहण्याचा हक्क मिळत नाही. जुना आदेश पुन्हा लागू करून इमिग्रेशन विभाग माणसाला परत पाठवू शकतो. अपील चालू असतानाही हद्दपारी होऊ शकते. तेव्हा मायदेशातला पत्ता आणि फोन क्रमांक वकिलाकडे आधीच द्यावा.